भोकरदनची मातीची शिरे

जालना जिल्ह्यातील भोकरदन हे तालुक्याचे गाव केळणा नदीच्या काठी आहे. प्राचीन काळी त्याला भोगवर्धन म्हणत. सांचीच्या स्तूपासाठी दान देणाऱ्यांची नावे तिथल्या दगडांवर कोरलेली आहेत आणि त्यांत भोगवर्धनाहून आलेली माणसे आहेत. इसवी सनापूर्वीच या गावचे लोक माळव्यापर्यंत जात-येत होते आणि दानधर्म करण्याइतके सुस्थितीत होते, हे त्यावरून दिसते. पैठणहून उज्जैनकडे जाणारी व्यापाराची वाट याच भागातून जाई. गावच्या पांढरीत १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून उत्खनन केले. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. जालना जिल्हा तेव्हा झालेला नव्हता. भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यात होते आणि १ मे १९८१ रोजी नवा जिल्हा झाल्यावर ते जालन्यात आले.

या उत्खननात मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी, हस्तिदंती वस्तू आणि भाजलेल्या मातीच्या लहान मूर्ती मिळाल्या. सातवाहन काळातील अशा मृण्मूर्ती भोकरदनप्रमाणेच पैठण, नेवासे, तेर आणि तेलंगणातील कोंडापूर इथेही सापडल्या आहेत. बाहुलीचे डोके हाताने घडवण्याचा महाराष्ट्रातला इतिहास लिहायचा तर या मूर्तींपासूनच तो नीट दिसू लागतो, कारण मातीतून वर येणाऱ्या तुकड्यांत नुसत्या शिरांचा भरणा मोठा असतो. धड एकीकडे आणि डोके दुसरीकडे, अशीच बहुतेक मूर्तींची अवस्था असते.

त्याचे कारण घडणीत आहे. मान हा मातीच्या मूर्तीतला सर्वांत बारीक भाग. डोक्याचा गोळा आणि धडाचा गोळा वेगवेगळे करून जोडले असतील तर सांधा मानेतच येतो. शिवाय बारीक मान आधी सुकते आणि आकसते, जाड डोके व धड मागाहून सुकतात, त्यामुळे भाजण्याआधीच तिथे सूक्ष्म चिरा पडलेल्या असतात. मूर्ती पडली की ती तिथेच तुटते. तुटलेले डोके मात्र गोल, भरीव किंवा जाड भिंतीचे असल्याने शतकानुशतके मातीत टिकते. संशोधकांच्या हाती म्हणूनच चेहरे, केशरचना आणि कानांतले दागिने भरपूर येतात, पण ती माणसे उभी होती की बसलेली हे कित्येकदा कळत नाही.

सातवाहनांच्या बऱ्याच आधी, ताम्रपाषाण युगात, महाराष्ट्रातील शेतकरी वस्त्यांमध्ये मातीच्या मूर्ती घडत होत्याच. पुणे जिल्ह्यातील इनामगाव इथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून दीर्घकाळ उत्खनन केले. तिथे एका घरात झाकण असलेल्या मातीच्या पेटीसोबत कच्च्या मातीची एक स्त्रीमूर्ती आणि एक बैल मिळाला. त्या मूर्तीला मस्तकच नाही. तिच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक आहे, आणि त्यांतून काडी घातली की ती बैलावर बसते. मस्तक मोडून पडलेले नाही. मूर्ती मुळातच तशी केली आहे. पुढे ऐतिहासिक काळात लज्जागौरीच्या मूर्तींमध्ये डोक्याच्या जागी उमललेले कमळ येते, आणि तेरला अशा मूर्ती मिळाल्या आहेत. रा. चिं. ढेरे यांनी या देवीच्या परंपरेचा सविस्तर मागोवा ‘लज्जागौरी’ या ग्रंथात घेतला आहे. शिर नसले तरी देवीचे देवीपण उणे होत नाही, असे मानणारी एक जुनी परंपरा या भूमीत होती, ही गोष्ट डोक्यांच्या इतिहासात ध्यानात ठेवण्यासारखी आहे. चेहऱ्याला महत्त्व देणे हे गृहीतच असते असे नाही. ते कधीतरी सुरू झाले, आणि त्यामागे काही कारणे होती.

पूर्णपणे हाताने केलेल्या जुन्या मृण्मूर्तींचे चेहरे भारतभर जवळजवळ एकाच रीतीने केलेले दिसतात. मातीचा लहान गोळा घेऊन अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत मधोमध दाबायचा. चिमटीत वर आलेली कड हेच नाक, आणि दोन्ही बाजूंना बोटांनी पडलेले खळगे म्हणजे डोळ्यांच्या खोबण्या. एका हालचालीत चेहऱ्याचे तीन अवयव उभे राहतात. मग खळग्यांत मातीच्या बारीक गोळ्या चिकटवून त्यांना काडीने आडवी चीर दिली की डोळे होतात. तोंडासाठी आणखी एक चीर. केसांसाठी काडीने ओढलेल्या रेघा किंवा चिकटवलेल्या पट्ट्या. सिंधू संस्कृतीतल्या स्त्रीमूर्तींपासून आजच्या खेड्यातल्या मुलांच्या चिखलाच्या बाहुल्यांपर्यंत ही चिमट टिकून आहे. ती कोणी कोणाला शिकवली असे म्हणण्याची गरज नाही. ओली माती आणि माणसाचा हात एकत्र आले की ती आपोआप सुचते. नवशिक्याने केलेले पहिले डोके आणि हजारो वर्षांपूर्वीचे डोके यांत म्हणूनच जवळचे साम्य दिसते.

मातीचा प्रश्न मात्र मराठवाड्यात सोपा नव्हता. जालन्याच्या शिवारात बेसाल्ट खडकापासून झालेली काळी कसदार जमीन आहे. कापसाला आणि ज्वारीला ती उत्तम, पण मूर्तीला त्रासदायक. काळी माती पाणी पिऊन खूप फुगते आणि सुकताना तितकीच आकसते. उन्हाळ्यात शेतांना पडणाऱ्या भेगा त्याचीच खूण. हिच्या नुसत्या गोळ्याचे डोके केले तर सुकताना गालावरून चीर जाते. कुंभार म्हणून ओढ्या-तळ्यांचा गाळ निवडतात, तो भिजवून, तुडवून, खडे काढून मुरू देतात आणि त्यात राख, घोड्याची लीद किंवा बारीक वाळू मिसळतात. राख आणि वाळू यांनी आकसणे कमी होते. लिदीतले बारीक तंतू ओली माती धरून ठेवतात आणि आव्यात जळून गेल्यावर मागे सूक्ष्म छिद्रे राहतात. त्यांतून वाफ बाहेर पडते. भाजताना मूर्ती फुटण्याचे मुख्य कारण ही वाफच असते. वरून कोरड्या दिसणाऱ्या भरीव डोक्याच्या पोटात ओल उरलेली असते, आच लागताच तिची वाफ होते आणि वाट न मिळाल्यास डोके तडकते.

हाताच्या डोक्याकडून साच्याच्या डोक्याकडे जाण्याचा प्रवास उत्तर भारतात स्पष्ट दिसतो. मथुरेच्या जुन्या करड्या मृण्मूर्तींमध्ये धड हाताने केलेले, दागिने मातीच्या गोळ्या-पट्ट्यांचे, आणि चेहरा तेवढा साच्यात दाबून काढलेला असतो. संपूर्ण मूर्तीत साचा सर्वांत आधी चेहऱ्याला लागला, ही गोष्ट लक्षणीय आहे. हात, पाय, कंबर कोणत्याही कुंभाराला जमत होती, चेहरा जमत नव्हता. एका कुशल कारागिराने एक उत्तम चेहरा घडवायचा, भाजायचा, त्यावर ओली माती दाबून उलटा ठसा घ्यायचा, तो ठसा भाजायचा, आणि मग त्या एका ठशातून शंभर बाहुल्यांना तोच चेहरा द्यायचा. पुढे शुंगकाळात पूर्ण मूर्तीच एका साच्यात दाबून काढू लागले. तिला पुढची बाजू होती, पाठ सपाट राहिली.

सातवाहनांच्या दख्खनमध्ये या कामाने मोठी उडी घेतली. भोकरदन, तेर, पैठण इथल्या उत्तम मृण्मूर्ती दुहेरी साच्यातल्या आहेत. पुढच्या अर्ध्या भागाचा एक साचा आणि मागच्या अर्ध्या भागाचा दुसरा. दोन्हींत मातीचा पातळ थर बोटांनी दाबून बसवायचा, कडा ओल्या ठेवायच्या, त्यांवर पाणीदार मातीचा लेप द्यायचा आणि दोन्ही साचे तोंडाला तोंड लावून घट्ट धरायचे. साच्याची कोरडी भाजकी माती आतल्या ओल्या थरातले पाणी शोषून घेते, त्यामुळे थर किंचित आकसतो आणि साच्यापासून आपोआप सुटतो. साचे उघडले की आत पोकळ, चहूबाजूंनी गोल अशी मूर्ती मिळते. मूर्ती पोकळ असल्याने माती कमी लागते, वजन कमी होते, भिंत सगळीकडे सारख्या जाडीची असल्याने सुकणे सारखे होते आणि वाफेसाठी एखादे भोक ठेवले की आव्यात फुटण्याचे भय उरत नाही. एकेरी साच्याने कारागिराचा वेळ वाचवला होता. दुहेरी साच्याने त्याबरोबर पाठमोरी केशरचनाही दिली. बाहुली हातात घेऊन फिरवून पाहता येऊ लागली.

अशा शिराकडे बारकाईने पाहिले तर घडणीचा सगळा क्रम वाचता येतो. कानामागून, मानेच्या कडेने दोन अर्धे जुळल्याची शिवण जाते. ती धारदार पात्याने तासून वर ओल्या बोटाने पुसलेली असते, पण केसांच्या गुंत्यात किंवा कर्णभूषणाच्या मागे कारागिराचे पाते पोचत नाही आणि तिथे ती शिल्लक राहते. तुटलेल्या शिराच्या पोकळीत पाहिल्यास आतल्या बाजूला माती साच्यात दाबताना उमटलेले बोटांचे खोलगट ठसे दिसतात. बाहेरचा चेहरा साच्याचा असतो आणि आतला भाग अजूनही हाताचाच असतो. साच्यातून निघाल्यावरही काम संपत नसे. पापण्यांची कड, ओठांमधली रेघ, केसांचे पेड हे ओल्या मातीवर टोकदार काडीने पुन्हा उजळून काढायचे, कारण साचा जसा जुना होतो तशा त्याच्या बारीक रेषा बुजतात. त्यामुळे एकाच साच्यातली दोन शिरेही हुबेहूब सारखी नसतात.

या मूर्तींपैकी कित्येक केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या चिकणमातीच्या आहेत. नेहमीच्या मातीत लोह असते. मोकळ्या हवेत भाजली की ती तांबडी होते, धुरात कोंडून भाजली की काळी-करडी. केओलिनमध्ये लोह फारच थोडे, म्हणून ती भाजल्यावरही पांढरट राहते. तिचे कण बारीक असल्याने साच्यातली नाजूक रेषा ती नीट उचलते. केसांच्या मधोमध भांगात बसवलेला अलंकार, कपाळावरच्या बटा, कानांतली मोठी चक्राकार भूषणे, डोक्यावर रचलेली फुलांची किंवा वस्त्राची भरगच्च वेणी-वेष्टने हे सारे अंगठ्याएवढ्या शिरावर स्पष्ट उमटते. दख्खनच्या काळ्या मातीच्या मुलखात कारागिरांनी पांढरी माती निवडून घेतली, यामागे नुसती हौस नव्हती. आपल्याला काय दाखवायचे आहे आणि ते कोणत्या मातीत दिसेल, याची त्यांना पक्की जाण होती. सातवाहन मृण्मूर्तींचे खरे वैभव या निवडीत आहे.

आकुंचनाचा आणखी एक परिणाम संशोधकांच्या कामी येतो. सुकताना आणि भाजताना माती आकसते. अनेक मातींत हे आकुंचन दहा टक्क्यांच्या घरात जाते. मूळ साचा फुटला आणि कारागिराने विकायच्या मूर्तीवरूनच नवा साचा घेतला, तर त्या साच्यातली मूर्ती आधीपेक्षा लहान निघते आणि तिचे नाक-डोळे अधिक बोथट असतात. तिच्यावरून आणखी एक साचा घेतला की मूर्ती आणखी लहान. दोन ठिकाणची शिरे एकाच तोंडवळ्याची पण वेगळ्या मापाची असतील, तर त्यांच्या पिढ्या अशा लावता येतात. ग्रीक आणि रोमन मृण्मूर्तींच्या अभ्यासात ही पद्धत रुळलेली आहे.

दुहेरी साच्याचे तंत्र दख्खनमध्ये कसे आले, याबद्दल म. के. ढवळीकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी रोमन जगाशी असलेल्या व्यापाराकडे बोट दाखवले आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे तेर, असल्याचे लिहिले आहे. या गावांतून माल गाड्यांवर लादून बंदरावर येई. भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांत दिवे आणि लहान मूर्ती दोन भागांच्या साच्यांत काढण्याची रीत आधीपासून होती. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली, तेव्हा परदेशी मूर्ती दख्खनच्या बाजारात पोचत होत्या यात शंका नाही. तंत्र बाहेरून आले असले तरी त्या साच्यांतून निघालेले चेहरे, केसांची ठेवण आणि दागिने मात्र पूर्णपणे इथले आहेत.

व्यापाराची वाट उलट दिशेनेही वाहत होती, आणि तिथे भोकरदनचे नाव पुन्हा येते. इटलीतील पॉम्पेई शहर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथल्या एका घरात अमेदेओ मायुरी यांना १९३८ साली सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्या दोन्ही बाजूंना लहान सेविका आहेत आणि तळाशी खरोष्ठी अक्षर कोरलेले आहे. ही मूर्ती भारतात नेमकी कुठे घडली, यावर बराच वाद झाला. भोकरदनच्या उत्खननात तशाच घडणीची, दोन सेविका असलेली तुटकी हस्तिदंती मूर्ती निघाली आणि तेरलाही तिच्याशी नाते सांगणारी मूर्ती आहे, त्यामुळे पॉम्पेईची मूर्ती दख्खनची असावी हे मत बळावले. पॉम्पेई ७९ मध्ये गाडले गेले, म्हणजे मूर्ती त्याआधीची. दख्खनमधल्या तशा घडणीच्या कामाचा काळ ठरवायला त्यामुळे मोठा आधार मिळाला. हस्तिदंत कोरणारा आणि माती दाबणारा हे वेगळे कारागीर असले तरी त्यांच्या डोळ्यांसमोर एकच सौंदर्यकल्पना होती, कारण केसांची आणि दागिन्यांची भरगच्च सजावट दोन्ही माध्यमांत सारखीच जाणवते.

या लहान मूर्ती देवता होत्या की खेळणी, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. एकच उत्तर सर्व मूर्तींना लागू पडणार नाही. मुलींना भेट म्हणून द्यायच्या बाहुल्यांची यादी ‘कामसूत्र’ देते. तीत सुताच्या, लाकडाच्या, शिंगाच्या, हस्तिदंताच्या, मेणाच्या, पिठाच्या आणि मातीच्या बाहुल्या आहेत. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाचे नावच मुलाच्या मातीच्या खेळगाडीवरून आले आहे. म्हणजे मातीची आणि हस्तिदंताची खेळणी त्या काळी परिचित होती. वारुळावर किंवा शेताच्या बांधावर ठेवायची मूर्ती आणि मुलीच्या हातातली बाहुली एकाच कुंभाराच्या आव्यातून निघत असेल, तर त्या दोघींच्या तोंडवळ्यात भेद कशाला असेल? आजही पोळ्याला पुजलेला मातीचा बैल दुसऱ्या दिवशी मुलांच्या खेळात जातो.

सातवाहनांची सत्ता तिसऱ्या शतकात मोडली, रोमन व्यापार ओसरला, आणि केओलिनच्या नाजूक मूर्तींची ही परंपराही मंदावली. मूर्तिकलेचा मुख्य ओघ दगडाकडे वळला. मात्र डोके घडवण्याचे ज्ञान या काळात शब्दांत बांधले गेले. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त मूर्तीची मापे दिली. त्याच्या हिशेबात चेहरा बारा अंगुळे लांब. कपाळ चार अंगुळे, नाक चार, हनुवटीचा भाग चार. कान आणि मानही चार-चार अंगुळांची. अंगूळ इथे मूर्तीचेच माप आहे, मोजपट्टीवरचे नाही, त्यामुळे मूर्ती बोटभर असो की पुरुषभर, प्रमाण तेच राहते. चेहऱ्याचे तीन समान भाग करण्याचा हा नियम इतका सोपा आणि पक्का आहे की आजच्या कार्यशाळांतही पहिल्या दिवशी तोच शिकवला जातो.

घरातल्या बाहुलीचा इतिहास याच्याही पलीकडे, लेखी नोंदींच्या बाहेर चालत राहिला. मराठी घरांत चिंध्यांची बाहुली आजीने केली. कापसाचा किंवा कापडाच्या तुकड्यांचा घट्ट गोळा, त्यावर पांढरे कापड, गळ्याशी दोऱ्याचे चार वेढे, आणि काळ्या दोऱ्याने टाक्यांचे डोळे. लाकडाची ठकी भातुकलीत मिरवली. तिकडे युरोपात एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या थुरिंगिया भागात बाहुल्यांची चिनी मातीची डोकी कारखान्यांतून निघू लागली. डोके, मान आणि खांदे एवढाच भाग चिनी मातीचा. खांद्याच्या पट्टीला भोके, त्यांतून टाके घालून तो कापडाच्या, भुसा भरलेल्या धडाला शिवायचा. त्या डोक्यांचा कच्चा माल केओलिन होता आणि ती दोन भागांच्या साच्यांत निघत. भोकरदन आणि थुरिंगिया यांच्यात कसलाही संबंध नव्हता, तरी सतरा शतकांच्या अंतराने दोन ठिकाणचे कारागीर त्याच पांढऱ्या मातीपाशी आणि त्याच दुहेरी साच्यापाशी येऊन थांबले. चेहऱ्यावर खर्च करायचा आणि धड साधे ठेवायचे, हा व्यवहार दोन्हीकडे समान आहे.

जालना जिल्ह्यात हा व्यवहार आजही घरोघर दिसतो, तो भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांच्या सणात. अनुराधा नक्षत्रावर ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोन्ही महालक्ष्म्या घरी येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर त्यांचे पूजन आणि जेवण होते, मूळ नक्षत्रावर त्यांना निरोप देतात. देवीचे धड मूर्तिकार घडवत नाही. पत्र्याची कोठी किंवा लोखंडी अडणी उभी करतात, कोठीत धान्य भरतात, तिला साडी नेसवतात, दागिने घालतात, आणि शेवटी वर मुखवटा बसवतात. त्या क्षणापर्यंत कोठी ही कोठीच असते. मुखवटा बसला की घरातल्या बायका तिच्याशी बोलू लागतात, तिला हळदी-कुंकू लावतात, पदर सारखा करतात. शेजारी लहान मुलगा-मुलगीही मांडतात. पुरणपोळी, सोळा भाज्या आणि आंबील यांचा नैवेद्य होतो. मुखवटे पितळेचे, शाडूचे किंवा भाजक्या मातीचे असतात आणि ते पाण्यात सोडत नाहीत. सण झाला की मऊ कापडात गुंडाळून पेटीत ठेवतात आणि सासूकडून सुनेकडे सोपवतात. पितळेचे मुखवटे चिंचेने घासून उजळतात. मातीच्या मुखवट्यांचा रंग उडाला की ते मूर्तिकाराकडे रंगवायला जातात. एकाच डोक्यावर पिढ्यांमागून पिढ्यांचे रंगाचे थर चढत जातात.

मुखवट्याची घडण भोकरदनच्या शिरांशी ताडून पाहण्यासारखी आहे. हाही पोकळ, हाही बहुधा साच्यातला, आणि याचाही जीव डोळ्यांत. मात्र याची मान रुंद, खाली उघडी असते, कारण ती कोठीच्या तोंडावर घट्ट बसली पाहिजे. मानेतच तुटण्याचा जुना दोष इथे आपोआप टळला, कारण डोके धडाला जोडायचेच नाही, फक्त ठेवायचे आहे. अलीकडे प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे मुखवटे बाजारात भरपूर आले. प्लॅस्टर काही मिनिटांत घट्ट होते, हलके असते आणि साच्यातली रेषा नीट उचलते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली मूर्तिविसर्जनाचे नवे नियम काढून प्लॅस्टरच्या मूर्तींना मनाई केली. त्यानंतर शाडूच्या कार्यशाळांकडे शाळांचा आणि कुटुंबांचा ओढा वाढला आणि हाताने चेहरा करण्याची ओळख नव्या मुलांना पुन्हा होऊ लागली. शेजारच्या बुलढाणा आणि खानदेश भागात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत बसणारी मातीची भुलाबाईही या कामाला हातभार लावते.

नवशिक्याने हाताने डोके करायचे तर शाडू किंवा चाळलेला गाळ घेऊन तो इतका मळावा लागतो की कापल्यावर आत हवेचा एकही बुडबुडा दिसू नये. लाकडी ठोकळ्यात उभी काडी रोवून तिच्यावर कागदाचा घट्ट बोळा बांधतात आणि त्यावर माती चढवतात. आकार अंड्यासारखा, निमुळते टोक हनुवटीकडे. त्यावर मधून उभी रेघ आणि चेहऱ्याच्या तीन भागांच्या आडव्या रेघा काडीने ओढून घेतात. इथे नवशिक्यांची एक ठरलेली चूक होते. डोळे फार वर जातात आणि कपाळ नाहीसे होते. कवटीसकट संपूर्ण डोक्याची उंची धरली तर डोळे बरोबर मध्यावर येतात, आणि मूल दाखवायचे असेल तर मध्याच्याही खाली. कपाळ मोठे आणि डोळे खाली, एवढ्यानेच चेहरा बाळाचा होतो.

मग दोन्ही अंगठ्यांनी डोळ्यांच्या खोबण्या दाबतात. नाक चिमटीने ओढण्याऐवजी मातीची पाचर वेगळी लावली तर ते हवे तेवढे उंच करता येते. जोडायच्या दोन्ही जागांवर ओरखडे काढून मधे पातळ माती भरली नाही, तर सुकताना नाक गळून पडते. बुबुळाची गोळी आधी बसते, पापण्यांच्या पट्ट्या तिच्यावरून येतात, कारण डोळा गोल असतो आणि पापणी त्याच्यावर पांघरलेली असते. तोंडाची चीर कोरणीने काढण्याआधी ओठांखालचा भाग किंचित पुढे उचलावा लागतो, नाहीतर तोंड सपाट भिंतीवर काढल्यासारखे दिसते. कान भुवई आणि नाकाचा शेंडा यांच्यामध्ये बसतात. केस सर्वांत शेवटी, आणि ते एकेक न कोरता पेडांच्या गटांनी.

माती हाताला चिकटेनाशी झाली, पण नखाने अजून ओरखडा उठतो, अशा वेळी दोऱ्याने डोक्याची टाळू कापून आतला कागद आणि जादा माती काढतात. भिंत साधारण एक सेंटिमीटर जाडीची राहिली की टाळू पातळ मातीने परत जोडतात आणि शिवण पुसून टाकतात. सातवाहनांचा कारागीर जे दोन साच्यांनी साधत होता, ते इथे एका दोऱ्याने साधते. मानेच्या तळाशी वाफेसाठी भोक आणि बाहेरून गोल खाच ठेवतात. डोके सावलीत, वाऱ्यापासून दूर, वर ओलसर फडके टाकून हळूहळू सुकवतात आणि मान नाजूक म्हणून तिच्यावरचे फडके सर्वांत शेवटी काढतात. भाजायचे असल्यास पूर्ण सुकल्यावरच आव्यात ठेवून आच मंदपणे वाढवतात. शाडूचे डोके भाजत नाहीत, त्याला पांढऱ्या रंगाचा हात देऊन अंगाचा रंग चढवतात आणि डोळ्यांची आखणी सगळे रंग वाळल्यावर करतात. शेवटी कापडी धडाचा गळा मानेवर ओढून खाचेत मेण लावलेल्या दोऱ्याचे वेढे घट्ट आवळतात, म्हणजे डोके फिरत नाही आणि धड मळले की सोडवून दुसरे चढवता येते.